डॉक्टरबाईंनी दुर्बीण बाजूला ठेवली

नेर गाव मागे पडलं आणि मला उभं राहवेना. मी बसची कंडक्टर, त्या दिवशी धुळे-पिंपळनेर गाडीवर होते. गाडी भरलेली होती, मागच्या बाकांवरची तिकिटं अजून द्यायची होती, आणि उजव्या बरगडीखाली कुणीतरी कपडा पिळावा तसं पोट पिळून काढत होतं. आदल्या दिवशी एका मैत्रिणीकडे हळदीचं जेवण झालं होतं. भरीत, पुऱ्या, वर शेवभाजी. मी हात आखडता घेतला नव्हता. त्यामुळे पित्त खवळलंय असंच मी धरलं. पित्ताची गोळी पर्समध्ये नेहमीच असायची, ती चघळली आणि पुढच्या बाकाला टेकून तिकिटं देत राहिले.

पण कळ थांबेना. पोटातून ती पाठीत गेली आणि उजव्या खांद्यापर्यंत चढली. माझ्या कपाळावरचा घाम तिकिटाच्या मशीनवर टपकला. बाजूला बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने टोपली पायाशी ओढली आणि मला हाताला धरून आपल्याजवळ बसवलं.

"काय व्हयनं माय तुले?" तिने विचारलं. मी नुसतं पोटाकडे बोट दाखवलं.

आमचे ड्रायव्हर वयाने मोठे, अख्खं आगार त्यांना नाना म्हणतं. त्यांनी आरशातून पाहिलं, गाडी कडेला घेतली आणि मागे वळून म्हणाले, "ताई, आता साक्रीच्या थांब्यावर नाही, सरळ दवाखान्यात नेतो."

"नाना, लोक ओरडतील."

"कोन वरडस?" ती म्हातारी मध्येच म्हणाली. "चाल तू!"

कुणीच ओरडलं नाही. प्रवाशांनी भरलेली ती गाडी दवाखान्याच्या फाटकासमोर जाऊन उभी राहिली आणि दोन बायांनी मला धरून आत नेलं. इंजेक्शन दिल्यावर हळूहळू कळ उतरली. तिथल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. बरगडीखाली बोट लावलं तेव्हा माझा श्वासच अडकला. ते म्हणाले, "हे नुसतं पित्त नाही. धुळ्याला जाऊन सोनोग्राफी करून घ्या. टाळू नका."

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. एक-दोन नव्हेत, बरेच.

घरी हा विषय निघाल्यावर ज्याच्या-त्याच्याकडे उपाय तयार होता. माझा नवरा नरडाण्याच्या एका कारखान्यात फिटर आहे. त्याच्या पाळीतल्या एकाने तेल आणि लिंबाचा रस प्यायला सांगितलं होतं, दुसऱ्याने कसला तरी पाला. नवऱ्याने दोन्ही गोष्टी आणून ओट्यावर ठेवल्या. मी घेतल्या नाहीत, कारण तेलाचं नाव काढलं तरी मला मळमळायचं.

माझ्या थोरल्या बहिणीने मात्र फोनवरच निकाल देऊन टाकला होता. तिला मी अक्का म्हणते. तिला भडगावजवळच्या खेड्यात दिली आहे, घरची शेती, कपाशी आणि केळी. काही वर्षांपूर्वी जळगावला तिचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं होतं, आणि त्या गोष्टीचा तिला फार अभिमान. डॉक्टरांनी दिलेले खडे तिने डबीत घालून आणले होते आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी नेऊन दाखवले होते.

"चार भोकं, बस!" ती फोनवर ओरडली. "दुसरा दिन मी घर वनू. तू काई भेव धरू नको."

तिच्या त्या भरवशाने मला धीर आला हे खरं. आपलंही तसंच होणार, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं.

धुळ्यात आम्ही ज्या डॉक्टरबाईंकडे गेलो त्या माझ्याहून वयाने लहान होत्या. आवाज हळू, पण बोलणं स्पष्ट. त्यांनी कोऱ्या कागदावर यकृत काढलं, त्याखाली पेरूसारखी पिशवी काढली, आणि पिशवीतून निघालेली एक बारीक नळी दुसऱ्या मोठ्या नळीला जोडून दाखवली.

"ही पिशवी म्हणजे पित्ताशय. ते आपण खड्यांसकट काढतो. नुसते खडे काढून भागत नाही, ते परत होतात. पोटात गॅस भरून जागा करायची, बेंबीजवळून दुर्बीण घालायची, बाकीच्या छोट्या छेदांतून हत्यारं. ही बारीक नळी बंद करून कापायची. मोठीला मात्र अजिबात धक्का लावायचा नाही. ती यकृतातलं पित्त आतड्यात नेते."

"चुकून लागला तर?" नवऱ्याने विचारलं.

"तर मोठं संकट. क्वचित होतं, पण होतं. रक्तस्राव होऊ शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, नंतर पित्त झिरपू शकतं. बहुतेक लोक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चालत घरी जातात. पण मी आधीच सांगून ठेवते, आत मला नीट ओळख पटली नाही तर मी पोट उघडीन."

नवरा खुर्चीत पुढे सरकला. "मॅडम, म्हणजे दुर्बिणीने होईलच अशी गॅरंटी नाही?"

"ऑपरेशन नीट होईल यासाठी जे करायचं ते सगळं करीन. छेद लहानच राहील याची गॅरंटी देत नाही."

बाहेर आल्यावर नवरा चिडला होता. "आधीच हात वर केले बाईंनी," तो म्हणाला. त्याला वाटत होतं दुसरीकडे दाखवावं. मला मात्र त्या आवडल्या. इतकी वर्षं गाडीवर काढल्यावर मला ड्रायव्हर ओळखता येतात. घाटात कुठे गाडी थांबवावी लागेल ते आधी सांगणारा माणूस मला बरा वाटतो.

तारीख ठरली, पण त्याआधीच दुसरा झटका आला, आणि या वेळी ताप घेऊन. पित्ताशयाला सूज चढली होती. मला दवाखान्यात ठेवून सलाईनमधून औषधं दिली. ताप उतरला, सूज ओसरायला वेळ दिला आणि मग ऑपरेशनचा दिवस आला. अक्का आदल्या दिवशीच भडगावहून आली होती. पिशवीत माझ्यासाठी नवा गाऊन, नवऱ्यासाठी बिबड्यांचे पापड आणि स्वतःसाठी जपमाळ. मला आत नेताना ती हसत होती. "जाय, लवकर ये," एवढंच म्हणाली.

पुढचं मला नंतर कळलं ते असं.

नवरा आणि अक्का बाहेर बाकावर बसले होते. अक्का आपल्या ऑपरेशनची हकीकत शेजारच्या बाईला सांगत होती. तेवढ्यात दार उघडलं आणि डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या. डोक्यावर टोपी, अंगात हिरवा गाऊन. त्यांना बघून नवरा ताडकन उभा राहिला. इतक्यात ऑपरेशन संपणं शक्य नव्हतं.

"ताईंची तब्येत व्यवस्थित आहे," त्या आधी म्हणाल्या. "पण आत सगळं एकमेकांना चिकटलंय. जुन्या सुजेमुळे बारीक नळी कुठे संपते आणि मोठी कुठे सुरू होते ते मला दुर्बिणीतून खात्रीने दिसत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला. आता दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडते."

नवऱ्याचा आवाज चढला. "अजून थोडा प्रयत्न करा ना, मॅडम! दुर्बिणीनेच करायचं ठरलं होतं."

"प्रयत्न करता येईल. पण अंदाजाने कापायची वेळ येईल आणि मोठी नळी कापली गेली तर त्यांचं पुढचं आयुष्य अवघड होईल. ते मी करणार नाही."

अक्काच्या हातातली जपमाळ तशीच राहिली. तिला एकच गोष्ट समजत नव्हती. "मंग मन्हं चार भोकात कसं व्हयनं?"

डॉक्टरबाई थांबल्या. घाईत असूनही थांबल्या, हे अक्का आजही कौतुकाने सांगते. "मावशी, तुमचं पित्ताशय मोकळं असेल. प्रत्येकाचं आत वेगळं असतं. बाहेरून दिसत नाही."

"तिना जीवले ते काई नही ना?"

"नाही. म्हणूनच उघडतेय."

आणि त्या आत गेल्या. नवरा उभाच राहिला. अक्काने त्याचा शर्ट ओढून त्याला खाली बसवलं आणि जपमाळ ओढायला घेतली.

मी शुद्धीवर आले तेव्हा पोटावर हात नेला. चार छोट्या पट्ट्या असतील अशी मनाची तयारी होती. हाताला लागली ती बरगडीच्या कडेने गेलेली लांबलचक पट्टी, आणि बाजूने निघालेली एक नळी. ती नळी पलंगाखाली लटकवलेल्या पिशवीत गेली होती. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "उघडावं लागलं." आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

मला रडू आलं. दुखत होतं हे एक कारण, पण तेवढंच नव्हतं. आपण अक्कासारख्या चटकन उठून घरी जाणार, पुढच्या महिन्यात गाडीवर चढणार, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. आता खोकला आला तरी पोटावर उशी दाबून धरावी लागत होती. अक्का माझ्या डोक्याशी बसून कपाळावरून हात फिरवत राहिली. तिच्या चार भोकांचा विषय तिने दवाखान्यात पुन्हा काढला नाही.

संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या, पलंगाजवळ स्टूल ओढून बसल्या. आत काय दिसलं, काय केलं ते सांगितलं. पोट उघडल्यावर दोन्ही नळ्या बोटांनी चाचपून वेगळ्या ओळखता आल्या होत्या, पित्ताशय काढलं होतं, मोठी नळी शाबूत होती.

"माझ्यावर रागावलात का?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यावर नाही," मी म्हणाले. "माझ्या पोटावर."

त्या हसल्या. मलाही हसू आलं आणि टाके असे ताणले गेले की मी उशी ओढून पोटावर दाबली.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं होतं. पण बाजूच्या नळीतून पिशवीत जे पाणी येत होतं ते लालसर असायला हवं होतं, हळूहळू कमी व्हायला हवं होतं. ते हिरवट पिवळं व्हायला लागलं. कमीही होईना. नर्सने पिशवी उजेडात धरून पाहिली आणि लगेच डॉक्टरबाईंना बोलावलं.

त्यांनी लपवाछपवी केली नाही. "हे पित्त आहे. बंद केलेल्या बारीक नळीच्या तोंडातून झिरपतंय असं वाटतं. सुजलेल्या जागी टाका कधीकधी धरत नाही. नळी ठेवली होती म्हणून ते पोटात न साठता बाहेर येतंय. ताप नाही, पोट मऊ आहे, ही चांगली लक्षणं."

नवऱ्याचा आता मात्र धीर सुटला. "मुंबईला नेतो," तो म्हणाला. "आत्ताच गाडी करतो."

"न्यायचं असेल तर मी अडवणार नाही, सगळे कागद देईन," त्या म्हणाल्या. "पण जळगावला माझ्या ओळखीचे पोटाचे डॉक्टर आहेत. ते तोंडातून दुर्बीण घालून मोठ्या नळीत एक बारीक प्लॅस्टिकची नळी बसवतात. पित्ताला सरळ वाट मिळाली की झिरपणं थांबतं. पुन्हा पोट कापावं लागत नाही. मी त्यांच्याशी बोललेय. मी स्वतः सोबत येते."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. इतका वेळ सगळे माझ्याबद्दल बोलत होते, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

"जळगावला जाऊ, अहो," मी म्हणाले. "ह्या येतायत ना सोबत."

अॅम्ब्युलन्समध्ये मी आडवी, पायाशी नवरा, बाजूला डॉक्टरबाई. पारोळ्याजवळ रस्ता खराब लागला तेव्हा त्यांनी माझ्या पोटावर उशी धरून ठेवली. धुळे-जळगाव मी गाडीवर किती वेळा केलं असेल, पण आडवं पडून कधीच नाही. कुठलं गाव आलं ते मी नुसत्या वळणांवरून सांगत होते. एरंडोल मी अचूक ओळखलं तेव्हा डॉक्टरबाईंनी पडदा सारून पाहिलं आणि मान डोलावली. नवरा त्या दिवसांत पहिल्यांदा हसला.

जळगावच्या डॉक्टरांनी नळी बसवली. मला गुंगी दिलेली होती, घसा तेवढा नंतर दुखला. दुसऱ्या दिवसापासून पिशवीतलं पाणी घटायला लागलं. मग इतकं कमी झालं की नर्सने पिशवी हलवून दाखवली, "बघा, काहीच नाही." थोड्या दिवसांनी बाजूची नळी काढली. ती निघताना आतून साप सरकावा तसं वाटलं आणि लगेच अंग हलकं झालं. आतली प्लॅस्टिकची नळी काही आठवडे ठेवायची होती, मग तशाच दुर्बिणीने काढायची.

जळगावहून धुळ्याला परत न जाता मी अक्काकडे गेले. ती आमच्या मागोमाग जळगावला आली होती, आणि तिने कुणाचं ऐकलंच नाही. "घर जाईसन काय करशी? स्वयपाक?" म्हणून माझं सामान तिने स्वतःच गाडीत टाकलं.

ते दिवस फार सुखाचे गेले. असं म्हणायला नको कदाचित, पण खरं आहे. लग्नानंतर मी बहिणीकडे इतकी राहिले नव्हते. थंडी होती, कपाशीची वेचणी चालू होती. अक्का सकाळी शेतात जायची आणि मी अंगणात उन्हाला खाट टाकून पडायची. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, म्हणून दुपारी ती मला गिरणा नदीच्या काठापर्यंत घेऊन जायची. सुरुवातीला मी कमरेत वाकून, पोट धरून चालायची. गल्लीतल्या बाया दारात येऊन विचारायच्या. "आते कसं शे?" मग अक्काच उत्तर द्यायची, आणि तिची गोष्ट आता बदलली होती. चार भोकं मागे पडली होती. आता ती सांगायची की आमच्या डॉक्टरबाई कशा मध्येच बाहेर आल्या आणि कशा म्हणाल्या, अंदाजाने कापणार नाही. "दिसस नही ते हात लावू नही," असं ती ठासून सांगायची, जणू दुर्बीण तिनेच बाजूला ठेवली होती.

खाण्यावरून आमचं रोज भांडण व्हायचं. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हळूहळू सगळं खाता येईल, सुरुवातीला तेलकट कमी. अक्काला त्यातलं फक्त दुसरं वाक्य पटलं होतं. ती मला मुगाचं वरण आणि भाकरीचा पापुद्रा द्यायची आणि स्वतः माझ्यासमोर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर ठेचा घेऊन बसायची. शेवटी एक दिवस तिनेच शेतातली वांगी आणली, तुरीच्या वाळल्या तुराट्यांच्या जाळावर भाजली आणि तेल अगदी हात राखून घालून थोडं भरीत माझ्या ताटात वाढलं. मी खाताना ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. काही झालं नाही. दुपारभर वाट पाहिली, तरी काही झालं नाही. संध्याकाळी तिने माझ्या नवऱ्याला फोन लावला आणि मी भरीत पचवल्याची बातमी दिली.

एकदा न्हाणीघरात तिने माझी जखम नीट पाहिली. बरगडीखालून गेलेली लांब रेघ, कडेला टाक्यांच्या खुणा. मग आपलं पोलकं वर करून स्वतःचं पोट दाखवलं. तिचे वण मला सापडेचनात. तिने बोट लावून एक-एक दाखवले.

"मन्हं कोनले दिसतबी नही," ती म्हणाली. मग माझ्या वणाकडे बघून, "तुन्हं ते पार रस्ताना मायक दिसस."

वण रस्त्यासारखा दिसतो म्हटल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी हसले. आता हसताना टाके ताणले जात नव्हते.

आतली नळी निघाली, डॉक्टरबाईंनी तपासून कामावर जायला हरकत नाही म्हणून सांगितलं. फक्त वजन काही महिने उचलायचं नव्हतं. आगारात मला काही दिवस चौकशीच्या खिडकीत बसवलं. खुर्चीवर बसून लोकांना गाड्यांच्या वेळा सांगायच्या. मला वाटलं होतं कंटाळा येईल, पण तसं झालं नाही. नवराही बदलला होता. नरडाण्याहून येताना तो भाजी घेऊन यायचा, जड पिशवी मला उचलू द्यायचा नाही. डॉक्टरबाईंबद्दल त्याने एकदाच काय ते म्हटलं. जेवताना, ताटाकडे बघत. "बाई पक्की आहे."

त्याच काळात आगारातल्या एका लिपिक मुलीला खडे निघाले. माझी हकीकत सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे ती फारच घाबरली होती. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत बायकांच्या खोलीत आली आणि म्हणाली, "ताई, मला वण दाखवाल?"

मी दाखवला. ती बघतच राहिली. तिचं लग्न ठरायचं होतं.

"हे बघ," मी म्हणाले, "बहुतेकांचं छोट्या छेदांतच होतं. माझ्या बहिणीचं झालं. माझं आत चिकटलं होतं. तू डॉक्टरांना एवढं विचार, नीट दिसलं नाही तर काय कराल? शांतपणे उत्तर देतील तिथे कर. आणि ताप येईपर्यंत थांबू नकोस."

ती आमच्या डॉक्टरबाईंकडेच गेली. तिचं दुर्बिणीतूनच झालं. मी रव्याचा शिरा घेऊन तिच्या घरी गेले तेव्हा ती पलंगावर बसून होती, चेहरा टवटवीत, पण एक हात खांद्यावर.

"ताई, पोट दुखत नाही, खांदाच दुखतोय!" ती म्हणाली. "काही बिघडलं तर नसेल ना?"

"डॉक्टरांना विचारलंस?"

"विचारलं. म्हणाल्या, पोटात भरलेल्या गॅसमुळे होतं, जाईल दोन-चार दिवसांत. चालत राहा म्हणाल्या."

"मग ऊठ," मी म्हणाले.

तिच्या आईने शिरा वाट्यांत काढायला घेतला आणि आम्ही दोघी गच्चीवर गेलो. ऊन कलत आलं होतं, शेजारच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या. तिने माझा दंड धरला होता. एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत आम्ही सावकाश फेऱ्या घातल्या, आणि ती आपल्याला बघायला येणाऱ्या मुलाबद्दल सांगत राहिली.